पदकांच्या यादीबाहेरचे यश: व्यावसायिक माध्यमिक शाळेने विद्यार्थ्यांचे काम कसे तपासावे आणि कसे सांगावे

एका व्यावसायिक माध्यमिक शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या वार्षिक अहवालातील 'विद्यार्थ्यांचे यश' या प्रकरणात दरवर्षी त्याच चार गोष्टी येतात: परीक्षेचा निकाल, स्पर्धांतील पदके, नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी आणि सत्काराची छायाचित्रे. सुमारे तीनशे विद्यार्थ्यांपैकी जेमतेम पंधरा-वीस जणांचा त्यात उल्लेख येतो. उरलेल्यांचे यश कशाने मोजावे, स्पर्धांवर शाळेने किती शक्ती खर्च करावी आणि हे सारे पालकांना व कामावर घेणाऱ्यांना पटेल असे कसे मांडावे, हे त्यांचे तीन पोटप्रश्न आहेत. मी सव्वीस वर्षे कार्यशाळेत निदेशक म्हणून आणि पुढे विभागप्रमुख म्हणून काम केले. बरीच वर्षे प्रात्यक्षिक परीक्षांचा आणि कौशल्य स्पर्धांचा परीक्षकही होतो. त्या अनुभवावरून उत्तर देत आहे. उत्तर लांबणार आहे, कारण पहिल्या पोटप्रश्नाचा नीट निकाल लागल्याशिवाय उरलेल्या दोहोंना अर्थ येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक शाळेत यश म्हणजे विद्यार्थ्याने पूर्वी न केलेले काम, आधी ठरलेल्या मापाच्या मर्यादेत, स्वतः तपासून पूर्ण करणे, आणि ती तपासणी तिसऱ्या माणसाला पुन्हा करून पाहता येणे. पदक, गुणपत्रिका आणि नेमणूकपत्र ही या गोष्टीची चिन्हे असू शकतात. पण ती नेहमीच तशी असतात असे नाही, आणि चिन्हालाच वस्तू समजण्याची चूक आपल्या क्षेत्रात फार जुनी आहे.

हे नेमके काय ते एका साध्या कामावरून सांगतो. लेथवर, म्हणजे फिरत्या धातूला कापून आकार देणाऱ्या यंत्रावर, 25 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) कातून तयार करायचा आहे आणि ड्रॉइंगवर 25 एच7 असे लिहिले आहे. याचा अर्थ व्यास 25.000 पेक्षा जास्त नको आणि 24.979 पेक्षा कमी नको. सारी मुभा 0.021 मिलिमीटरची. शाळेतील नेहमीच्या व्हर्नियरचे (सरकत्या मापपट्टीचे) लघुत्तम माप 0.02 मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ सगळी मुभा त्या साधनाच्या एका घरात मावते. जो विद्यार्थी हे ड्रॉइंग पाहून व्हर्नियर बाजूला ठेवतो आणि मायक्रोमीटर (त्याहून बारीक मोजणारे साधन) मागतो, आणि मापण्याआधी त्याचा शून्य तपासतो, त्याने माझ्या दृष्टीने जॉब (करायला दिलेला नग) सुरू होण्यापूर्वीच काहीतरी कमावलेले आहे. गुणपत्रिकेत या क्षणासाठी रकाना नसतो. जॉब मर्यादेत आला तर गुण मिळतात, आणि तो कधीकधी नशिबानेही मर्यादेत येतो.

म्हणून मी पहिली सूचना करतो ती अगदी स्वस्त आहे. प्रत्येक जॉबच्या कार्डावर मापांचे दोन रकाने ठेवावेत: विद्यार्थ्याने घेतलेले माप आणि निदेशकाने घेतलेले माप. विद्यार्थ्याने आपले माप आधी लिहून सही करावी, मगच निदेशकाने आपले लिहावे. पहिल्या सहामाहीत या दोन रकान्यांतला फरक पाहून निदेशक निराश होतात, कारण तो बहुधा जॉबच्या चुकीपेक्षाही मोठा असतो. वर्ष संपेपर्यंत तो फरक किती घटला, हा माझ्या अनुभवात विद्यार्थ्याच्या प्रगतीचा सर्वांत विश्वासार्ह निर्देशक आहे. ज्याचा जॉब रिजेक्ट झाला पण ज्याने तो रिजेक्ट होणार हे स्वतःच्या मापावरून आधीच लिहून ठेवले होते, तो विद्यार्थी कारखान्यात उपयोगी पडतो. ज्याचा जॉब पास झाला पण ज्याचे माप चुकीचे होते, त्याच्यावर अजून लक्ष ठेवावे लागते. या दोघांत पहिल्याला जास्त यशस्वी म्हणण्याची शाळेची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

ही कल्पना माझी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनस्टायनर 1895 ते 1919 या काळात म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते आणि तेथील कामकरी मुलांच्या पूरक शाळांची त्यांनी व्यवसायानुसार पुनर्रचना केली. त्यांच्या लेखनात साळुंकीच्या जातीच्या एका पक्ष्यासाठी लाकडी घरटे करण्याचे उदाहरण येते. मुलाने घरट्याचा आराखडा करावा, फळ्यांची मापे काढावीत, फळ्या कापाव्यात, जोडाव्यात. आणि शेवटी सांधे बसतात की नाही हे घरटेच त्याला सांगेल, शिक्षकाने सांगण्याची गरज उरणार नाही. काम करणाऱ्याला स्वतःच्या विचाराची परीक्षा स्वतःच्या वस्तूवर घेता येते, यात त्या शिक्षणाचे सामर्थ्य आहे असे ते मांडत. दोन रकान्यांचे कार्ड हा त्याच विचाराचा कार्यशाळेतला साधा अवतार आहे.

त्याहून जुना वाद येथे सांगणे आवश्यक वाटते, कारण मुख्याध्यापकांच्या प्रश्नात तो दडलेला आहे. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांनी 1868 च्या सुमारास कार्यशाळेतील शिक्षणाचा क्रम बदलला. तोवर मूल उस्तादाच्या हाताखाली राहून जे काम येईल ते करत शिकत असे. डेला-व्होस यांनी सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, टर्निंग असे प्रत्येक कौशल्य सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या लहानलहान सरावांत मोडले आणि शिकण्याची कार्यशाळा उत्पादनाच्या कार्यशाळेपासून वेगळी केली. 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या शाळेने विद्यार्थ्यांनी केलेले सांधे, कापलेले आणि घासलेले तुकडे क्रमाने मांडून ठेवले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे तत्कालीन अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके प्रभावित झाले की त्यांनी ती पद्धत आपल्या संस्थेत आणली; पुढे सेंट लुईसमध्ये कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी काढलेली शाळाही याच वाटेने गेली. विद्यार्थ्यांच्या कामाच्या प्रदर्शनातून एखादी शिक्षणपद्धती एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्या मांडणीत वक्तृत्व नव्हते, सत्कार नव्हता. पाहणाऱ्याला फक्त क्रम दिसत होता, आणि जाणकाराला तेवढे पुरले.

पण त्याच काळात स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमोन शिक्षकांना हस्तव्यवसायाचे प्रशिक्षण देत होते आणि त्यांचा आग्रह उलटा होता. मुलाने केवळ सांध्यांचे तुकडे करून टाकून देऊ नयेत, घरात वापरता येईल अशी पूर्ण वस्तू करावी, म्हणजे त्याला कामाची ओढ लागते, असे त्यांचे म्हणणे होते. दीडशे वर्षे होत आली तरी प्रत्येक कार्यशाळेत हा वाद दर सत्राला पुन्हा होतो. एक निदेशक म्हणतो की सराव पक्का होईपर्यंत वस्तू करू देऊ नका. दुसरा म्हणतो की सहा महिने नुसती कानस घासायला लावली तर मुले पळून जातील. माझा कल असा आहे की शिकण्यासाठी सराव हवा आणि यश नोंदवण्यासाठी पूर्ण वस्तू हवी. तुकड्यांमध्ये प्रत्येक चूक वेगळी राहते. पूर्ण वस्तूत चुका एकमेकींवर चढतात आणि त्या सांभाळून घेण्याची अक्कल दिसून येते. पहिली फळी अर्धा मिलिमीटर कमी कापली गेली, तर पुढच्या तीन फळ्यांचे काय करायचे याचा निर्णय सरावात कधीच घ्यावा लागत नाही.

युरोपातील कारागीर संघांनी हे फार पूर्वी ओळखले होते. उमेदवाराला संघात घेण्यापूर्वी त्याच्याकडून एक पूर्ण परीक्षेची वस्तू करून घेतली जाई. आज आपण कलाकृतीच्या थोरवीसाठी वापरतो तो इंग्रजी शब्द 'मास्टरपीस' मुळात या परीक्षेच्या वस्तूचे नाव होते. तिच्यात थोरवीपेक्षा पात्रता अभिप्रेत होती. जर्मनीत सुतारकामाचा उमेदवार आजही शिकाऊ काळाच्या शेवटी स्वतः आराखडा केलेली फर्निचरची वस्तू बनवतो आणि परीक्षकांसमोर ठेवतो. अशी एक शेवटची वस्तू प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो वर्गात कितव्याही क्रमांकाचा असो, करावीच, असा नियम शाळेने केला तर अहवालातील पंधरा नावांची तीनशे नावे आपोआप होतात.

आता अडचणीचा भाग. सगळे व्यवसाय मायक्रोमीटरने मोजता येत नाहीत आणि बऱ्याच व्यवसायांत चांगले काम शेवटी झाकले जाते. वायरिंगवर कव्हर बसते, पाइपलाइन भिंतीत जाते, वेल्डचा मूळ भाग आत राहतो, लाकडाचा सांधा सरस लावून बंद होतो. पूर्ण झालेल्या वस्तूचे चकचकीत छायाचित्र पाहून यातले काहीच कळत नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या संचिकेत झाकण्यापूर्वीचे छायाचित्र असले पाहिजे, पूर्ण झाल्यानंतरचे नसले तरी चालेल. हा नियम आम्ही लागू केला तेव्हा पहिल्याच महिन्यात जंक्शन बॉक्समधील कामाचा दर्जा सुधारला. आत कोणी पाहणार आहे हे समजल्यावर माणूस आत नीट काम करतो. पुढे तीच सवय अंगात मुरते असे म्हणायला मला आवडेल, पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही.

विद्युतकामात तपासणीचा आकडा मिळतो, पण तो वाचता यावा लागतो. घरगुती दाबाच्या सर्किटसाठी मेगर या तपासणीच्या उपकरणाने 500 व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन रोध मोजतात आणि आंतरराष्ट्रीय विद्युत मानकानुसार तो किमान 1 मेगाओम असावा लागतो. समजा एका विद्यार्थ्याच्या नव्या वायरिंगवर 1.3 मेगाओम आले. नियमाने तो पास. परंतु कोरड्या, नव्या वायरिंगवर याच्या कितीतरी पट मोठा आकडा यायला हवा. एवढा कमी आला याचा अर्थ कोठेतरी ओल आहे, वायर सोलली गेली आहे किंवा एखादे उपकरण जोडलेले राहून गेले आहे. 'पास' लिहून पुढे जाणारा विद्यार्थी आणि 'पास आहे, पण कमी का आला ते शोधतो' असे म्हणणारी विद्यार्थिनी यांना परीक्षा सारखेच गुण देते. आमच्या विभागातील अशा एका मुलीने दोन तास खर्च करून खिळ्याखाली चेपलेली वायर शोधली होती. त्या वर्षीच्या अहवालात तिचे नाव कोठेही नव्हते. ती चूक माझी होती, कारण विभागाचा मजकूर मीच लिहून देत असे.

वेल्डिंगपासून शाळांनी आणखी एक गोष्ट शिकावी. पोलादाच्या वेल्डरची पात्रता ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरते, त्या आयएसओ 9606-1 मध्ये प्रमाणपत्र एका विशिष्ट प्रक्रियेसाठी, जाडीच्या पल्ल्यासाठी आणि वेल्डिंगच्या स्थितीसाठी मिळते. सपाट स्थितीत उत्तम वेल्ड करणारा उभ्या सांध्यासाठी पात्र ठरतोच असे नाही. शिवाय तो ते काम अजून करत आहे याची पुष्टी दर 6 महिन्यांनी करावी लागते, नाहीतर प्रमाणपत्राचा अर्थ संपतो. म्हणजे ज्या व्यवसायात चुकीमुळे दाबपात्र फुटू शकते, त्या व्यवसायाने मान्य केले आहे की कौशल्याला व्याप्ती असते आणि ते शिळे होते. शाळा मात्र 'वेल्डिंगमध्ये प्रथम' असे एकदा लिहून कायमची मोकळी होते. कोणत्या स्थितीत, किती जाडीवर, केव्हा, आणि वाकवून पाहिल्यावर तुकडा तडकला की टिकला, हे चार तपशील लिहिले की त्या वाक्याला वजन येते.

केशकर्तन, शिवणकाम, स्वयंपाक, रुग्णसेवा यांसारख्या विषयांत काही भाग मोजता येतो आणि मोठा भाग जाणकाराच्या नजरेवर सोडावा लागतो. येथे निदेशकांमध्ये गुणांवरून भांडणे होतात, आणि ती खोटी नसतात. दोन उपाय उपयोगी पडतात. पहिला वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेतून उचलता येतो: तीन परीक्षक एकाच वेळी 0 ते 3 पैकी एक अंक दाखवतात, 0 म्हणजे उद्योगाच्या दर्जाखाली, 1 म्हणजे त्या दर्जाला पोहोचलेले, 2 म्हणजे काही बाबतींत वरचढ, 3 म्हणजे सर्वार्थाने उत्कृष्ट. अंकांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिघांनी चर्चा करून पुन्हा अंक द्यायचे. दुसरा उपाय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी 1927 मध्ये मांडलेल्या तुलनेच्या नियमावर आधारलेला आहे. एखादे काम शंभरपैकी किती, हे माणसाला नीट सांगता येत नाही. पण समोरच्या दोन कामांपैकी चांगले कोणते, हे तो बऱ्यापैकी सातत्याने सांगतो. अनेक परीक्षकांनी अनेक जोड्या पाहिल्या की त्यांतून सगळ्या कामांचा विश्वासार्ह क्रम लावता येतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, त्यामुळे वर्षातून एकदा, शेवटच्या वस्तूंसाठीच वापरावी. रुग्णसेवेला मात्र ती लागू करू नये. तेथे वस्तू नसते, प्रसंग असतो, आणि दोन प्रसंग कधी सारखे नसतात.

फिनलंडने 2018 पासून व्यावसायिक शिक्षणाचा नवा कायदा अमलात आणला. त्यानुसार विद्यार्थ्याचे कौशल्य प्रामुख्याने कामाच्या खऱ्या जागी, खऱ्या कामातून दाखवले जाते आणि त्याचे मूल्यमापन शिक्षक व त्या क्षेत्रातील प्रतिनिधी मिळून करतात. रुग्णसेवेसारख्या विषयांत हाच मार्ग मला योग्य वाटतो. आपल्याकडे तशी व्यवस्था नसेल तरी बाहेरच्या एका जाणकाराला परीक्षेच्या दिवशी बोलावणे कोणत्याही शाळेला जमते. तो दोन गोष्टी हमखास करतो: आपण वर्षानुवर्षे ज्या चुकीकडे दुर्लक्ष करत आलो तिच्यावर बोट ठेवतो, आणि आपण ज्या टापटिपीसाठी गुण देत होतो तिची त्याला पर्वा नसते.

स्पर्धांबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण तेथे शाळांचा तोल सर्वांत जास्त जातो. आज वर्ल्डस्किल्स या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा 1950 मध्ये माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांतील उमेदवारांमध्ये सुरू झाली. आता तिच्या सदस्यांची संख्या 80 च्या वर आहे, ती दर दोन वर्षांनी भरते आणि सप्टेंबर 2024 मध्ये फ्रान्समधील लियों येथे झालेल्या स्पर्धेत 59 कौशल्यांचा समावेश होता. बहुतेक कौशल्यांना 22 वर्षांची वयोमर्यादा आहे, काही मोजक्या कौशल्यांना 25 वर्षांची. अशा स्पर्धांनी व्यवसाय शिकणाऱ्या मुलांना जी प्रतिष्ठा दिली, ती कोणत्याही परिपत्रकाने दिली नसती. परीक्षक म्हणून मी स्वतः तेथील शिस्तीतून खूप शिकलो.

या स्पर्धेतील दोन रीती माझ्या मते पदकांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. ज्या कौशल्यांत प्रश्नकार्य (स्पर्धेत करायचे काम) आधी जाहीर केलेले असते, तेथे प्रत्यक्ष स्पर्धेपूर्वी त्यात सुमारे 30 टक्के बदल केला जातो, म्हणजे पाठांतराचा उपयोग होत नाही. शाळेच्या अंतर्गत परीक्षेतही हे सहज करता येते: ड्रॉइंग आठवडाभर आधी द्यावे आणि परीक्षेच्या सकाळी त्यातील काही मापे, एखादा सांधा, एखादा साहित्याचा प्रकार बदलावा. निकाल किती घसरतो ते पाहून आपण शिकवत होतो की घोटून घेत होतो हे कळते. आमचा पहिल्या वर्षी बराच घसरला. दुसरी रीत अशी की पदक न मिळालेल्या परंतु ठरलेल्या दर्जाला, म्हणजे 700 गुणांना, पोहोचलेल्या स्पर्धकालाही उत्कृष्टतेचे पदकचिन्ह दिले जाते. जगातील सर्वांत मोठी कौशल्य स्पर्धासुद्धा क्रमांक आणि दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. शाळेच्या गौरव समारंभात मात्र तीन क्रमांक पुकारले की टाळ्या संपतात.

स्पर्धेची किंमत कोण भरतो हेही पाहिले पाहिजे. हिशेब साधा आहे. समजा विभागात चार लेथ आहेत आणि प्रत्येक लेथ आठवड्यात 15 तास उपलब्ध आहे. म्हणजे 60 तास, आणि 20 विद्यार्थी, म्हणून प्रत्येकाला 3 तास. स्पर्धेच्या एका उमेदवारासाठी एक लेथ राखून ठेवला तर उरलेल्या 19 जणांना 45 तास राहतात, म्हणजे प्रत्येकी साधारण 2 तास 22 मिनिटे. प्रत्येकाची आठवड्याला 38 मिनिटे गेली आणि एकाला 15 तास मिळाले. दहा आठवडे असे चालले तर बाकीच्यांचे सहा तासांहून अधिक यंत्रावरचे शिक्षण बुडते, आणि सर्वांत चांगला निदेशकही बहुधा त्या एकाजवळच उभा असतो. मी हे स्वतः केले आहे. आमच्या मुलाला पदक मिळाले, माझाही सत्कार झाला, आणि त्याच वर्षी थ्रेडिंगच्या (आटे पाडण्याच्या) प्रात्यक्षिकात वर्गाची जी अवस्था झाली तिचा उल्लेख कोणीच केला नाही. पुढे मी असा नियम केला की स्पर्धेचा सराव नियमित वेळेबाहेरच होईल, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याने आठवड्यातून दोन तास खालच्या वर्गाला शिकवायचे. दुसऱ्या अटीचा अनपेक्षित फायदा असा झाला की शिकवताना त्याच्या स्वतःच्या चुका उघड्या पडू लागल्या.

अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात असे निरीक्षण नोंदवले होते की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवले जातात, तितका तो आकडा बिघडवण्याचे आणि त्यासोबत मूळ कामही बिघडवण्याचे दडपण वाढते. नोकरीच्या टक्केवारीला हे जसेच्या तसे लागू पडते. कल्पनेसाठी एक तुकडी घ्या: प्रवेश घेतलेले 60, अभ्यासक्रम पूर्ण केलेले 48, नोकरीसाठी नाव नोंदवलेले 30, नेमणूकपत्र मिळालेले 27 आणि वर्षानंतरही त्याच व्यवसायात असलेले 18. शाळा 27 भागिले 30 करून 90 टक्के म्हणू शकते आणि त्यात एकही अंक खोटा नसतो. प्रवेशाच्या संख्येशी तुलना केली तर तोच आकडा 45 टक्के होतो आणि वर्षभर टिकलेल्यांचा 30 टक्के. माझा आग्रह असा की पाचही संख्या छापाव्यात, टक्केवारी छापूच नये. पुढील शिक्षणाकडे गेलेल्यांची संख्या वेगळी द्यावी, ते अपयशात मोजू नयेत. स्वित्झर्लंडमध्ये शिकाऊ उमेदवारीबरोबर व्यावसायिक परिपक्वता परीक्षा देऊन उच्च शिक्षणाकडे जाण्याची वाट मुद्दाम ठेवलेली आहे. सोडून गेलेल्या 12 जणांना फोन करून कारण विचारावे. आम्ही एकदा तसे केले, तेव्हा कळले की त्यांतील बऱ्याच जणांना व्यवसाय आवडत होता आणि बसची वेळ जमत नव्हती.

शेवटचा पोटप्रश्न मांडणीचा. येथे मी थोडक्यात लिहितो, कारण वरची कामे झाली असतील तर मांडणी अवघड राहत नाही. विशेषणे काढून टाकावीत. 'विद्यार्थ्याने दैदीप्यमान यश संपादन करून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला' या वाक्यातून काम देणाऱ्या माणसाला काहीच समजत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'द्वितीय वर्षातील विद्यार्थिनीने 25 एच7 शाफ्ट आणि त्याला बसणारे बुश स्वतंत्रपणे तयार केले, ड्रॉइंगमधील दोन मापे परीक्षेच्या दिवशी बदलली होती, तिचे स्वतःचे माप आणि परीक्षकाचे माप यांत 0.004 मिलिमीटरचा फरक आला. तपासणी बाहेरच्या परीक्षकाने केली.' पालकांना यातील आकडे कदाचित कळणार नाहीत, पण कोणीतरी आपल्या मुलीचे काम इतक्या बारकाईने पाहिले आहे हे त्यांना नक्की कळते. नाव, छायाचित्र आणि गुण प्रसिद्ध करण्यापूर्वी विद्यार्थ्याची आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. पत्ता आणि फोन क्रमांक कधीही देऊ नयेत. मुलींचा उल्लेख करताना त्या 'मुली असूनही' चांगले काम करतात असा सूर येणार नाही याची काळजी घ्यावी. तो सूर कौतुकाच्या भरात अगदी सहज येतो.

शाळेच्या प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात ढाली आणि पदके असतील, ती राहू द्यावीत. त्याच्या शेजारी एक उघडे टेबल ठेवावे. त्यावर त्या महिन्यात वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी केलेले चार-पाच जॉब, प्रत्येकाचे ड्रॉइंग, दोन रकान्यांचे कार्ड आणि तपासण्याचे साधन ठेवावे: शाफ्टसाठी गो–नो गो गेज (एक बाजू बसली आणि दुसरी बसली नाही तर माप मर्यादेत आहे हे सांगणारे साधन), फळीसाठी गुण्या, वेल्डसाठी वेल्ड गेज. एखादा रिजेक्ट झालेला जॉबही, विद्यार्थ्याची हरकत नसेल तर, कारणासह ठेवावा. जॉब दर महिन्याला बदलावेत, म्हणजे वर्षभरात प्रत्येक विभागाचे बरेच विद्यार्थी त्या टेबलावर येतात. येणाऱ्या कोणालाही गेज हातात घेऊन जॉब तपासता आला पाहिजे. अशाच टेबलापाशी उभे राहून एका लहान कारखान्याच्या मालकाने आमच्या दोन विद्यार्थ्यांना मुलाखतीशिवाय कामावर घेतले होते. गेज मात्र टेबलाला साखळीने बांधून ठेवावेत. आमचे पहिले दोन गेज आठवड्याभरातच नाहीसे झाले होते.